सेराफिनचं पाऊल केवढं होतं

(पॅरिस. पाच मजली घराच्या दाराशी राखणदारणीची खोली. बाहेरचं मोठं दार उघडणारी दोरी आजीच्या हाताशी. या आजीची, मादाम पोतेलची, लेक सेराफिन ऑपेरात नाचायची. ती जाऊन बरीच वर्षं झाली. तिची मुलगी जर्मेन शनिवारी लग्न करणार आहे. नवऱ्यामुलाची आई, शार्त्र गावच्या औषधवाल्याची बायको मादाम लांग्लुमे, लग्नाची पेटी बघायला आलीय.)

मादाम : चादरी ठीक आहेत. उशांचे अभ्रेही ठीक. हे मात्र पेटीतून काढा.

आजी : काय काढू?

मादाम : मी काय म्हणते ते तुम्हाला कळतंय.

आजी : कुठलं कळायला? मी अडाणी बाई. बोट लावून दाखवा की, विहीणबाई. झडणार नाही बोट.

मादाम : मी अजून तुमची विहीण झालेली नाही, मादाम पोतेल. शनिवारपर्यंत तरी नाही.

आजी : मग शनिवारपर्यंत परक्याच्या पेटीत हात घालू नये.

जर्मेन : आजी, पुरे. मादाम, काय काढायचं ते मला सांगा.

मादाम : तो मोडका पंखा. ती कागदी फुलांची माळ. ती गुलाबी फीत. आणि ती सपात. नाचणाऱ्या बाईची सपात माझ्या घरात चादरींच्या घडीत राहणार नाही. आमचं दुकान चर्चच्या समोर आहे. स्वतः बिशप खोकल्याचं औषध आमच्याकडून नेतात.

आजी : आणि नेताना चादरी उलगडून बघतात वाटतं?

मादाम : मादाम पोतेल!

आजी : नाही, म्हटलं विचारून ठेवावं. तुमच्या गावची रीत आम्हाला काय ठाऊक.

जर्मेन : मादाम, पंखा मोडलाच आहे, तो इथंच राहू दे. माळ पण राहू दे. सपात मात्र मी नेणार. आईचं म्हणून माझ्याकडं तेवढंच आहे. आंसेल्मला मी सांगितलंय. तो हो म्हणाला.

मादाम : आंसेल्म हल्ली सगळ्यालाच हो म्हणतो.

आजी : मग काहीतरी पाजा त्याला. घरचंच दुकान आहे.

मादाम : माझा मुलगा हा चेष्टेचा विषय नाही. त्याच्या इथल्या कॉलेजातल्या गुरुजींनी त्याची फार तारीफ केली आहे.

आजी : करणारच. पहिल्यांदा माझ्या दारात उभा राहिला तेव्हा एका पायात काळा मोजा होता, एका पायात करडा. मी म्हटलं, हुशार दिसतोय.

जर्मेन : आजी, तू गप्प बसशील का जरा?

मादाम : ही सपात... एकाच पायाची आहे.

जर्मेन : हो.

मादाम : दुसऱ्या पायाची कुठं आहे?

जर्मेन : माहीत नाही. मला कळायला लागल्यापासून एकच आहे. आजी, दुसरी कुठं गेली गं?

आजी : गेली असेल कुठंतरी चालत.

मादाम : आणि हिच्यातही आत नाव लिहिलेलं आहे का?

जर्मेन : आहे. पण तुम्हाला कसं कळलं? पेटीतून तर अजून बाहेर काढली नाही मी.

आजी : मीही तेच विचारणार होते. आणि "हिच्यातही" म्हणजे? आणखी कुठल्या सपातीत डोकावून आलात, मादाम?

मादाम : असं... ऐकलं होतं. नाचणाऱ्या बायका आत नाव घालून ठेवतात, असं.

आजी : कुणाकडून ऐकलंत? बिशपांकडून?

जर्मेन : हे बघा मादाम, तळव्यावर. "सेरफिन". शाई उडालीय थोडी. आईला पडदा वर जायच्या आधी घाई असणार. काना गाळलाय तिनं. मी लहान असताना झोप येईना की या अक्षरांवरून बोट फिरवायची.

मादाम : काना गाळलाय. हो. गाळलाय खरा.

आजी : तुमचा चेहरा का असा झाला? बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय डुगडुगतो. इकडं बसा.

मादाम : भिंतीवरचं ते चित्र तिचंच का?

जर्मेन : आईचंच. तेव्हा दुकानांच्या काचेत लावायचे म्हणे. केवढंसं पाऊल आहे बघा, आणि उभी कुठं, तर कमळावर.

मादाम : फारच लहान पाऊल.

आजी : कमळसुद्धा वाकलेलं नाही. चित्रकार भला माणूस होता.

मादाम : जर्मेन, मला जरा दूध आणून देशील? मला काळी कॉफी चालत नाही.

आजी : आत्ताच तर कपभर प्यालात. गाळासकट.

मादाम : म्हणूनच म्हणते.

आजी : जा गं, जर्मेन. कोपऱ्यावरच्या दूधवालीकडं जा आणि तिच्या सांधेदुखीची नीट चौकशी करून ये. मादामना माझ्याशी एकटीशी बोलायचंय, आणि बिचारीला थापा मारायची सवय नाही.

जर्मेन : एका सपातीवरून भांडू नका म्हणजे झालं. दोघींनी.

आजी : जा म्हटलं ना. ओढते दोरी... हं. गेली. आता बोला. कॉफीच्या नावानं दूध मागवलंत, आता दुधाच्या नावानं काय काढताय?

मादाम : हे बघा.

आजी : रुमालात काय आहे? मेलेली चिमणी?

मादाम : उलगडा तुम्हीच.

आजी : अगंबाई.

मादाम : तीच आहे ना? त्या पेटीतल्या सपातीची जोडीदारीण?

आजी : कुठं मिळाली तुम्हाला?

मादाम : माझ्या नवऱ्याच्या कपाटात. दुकानात मागच्या बाजूला विषाच्या बाटल्यांचा एक कप्पा आहे. त्याची किल्ली त्यांच्या गळ्यात असते.

आजी : मग तुमच्या हातात कशी आली?

मादाम : त्यांना ताप आला होता.

आजी : आणि तुम्ही सेवा केलीत.

मादाम : हसा. तुम्ही हसणारच. आंसेल्मचं पत्र आलं, मी जेवताना वाचून दाखवलं. मुलगी कागदी फुलं करते, आजी घराची राखण करते, आई ऑपेरात नाचायची, सेराफिन पोतेल. मी म्हटलं, बघा काय थेरं चालवलीत तुमच्या मुलानं. तर हे काही बोलेनात. चमचा तसाच हातात. मग म्हणाले, "चांगली मुलगी असेल." न बघता! हे, जे बटाटे घेतानासुद्धा एकेक दाबून बघतात!

आजी : हं.

मादाम : त्या रात्रीपासून ताप. तिसऱ्या दिवशी मी कप्पा उघडला. आंसेल्म रांगत होता तेव्हा हे परीक्षेसाठी सबंध हिवाळा पॅरिसात होते. मी शार्त्रात, सासूच्या हाताखाली. आणि तुमची जर्मेन जन्मली त्याच वर्षी, पानगळीला. मी महिने मोजले, मादाम पोतेल. बोटांवर मोजले, जपमाळेवर मोजले, चर्चमध्ये बसून मोजले. दर वेळी तेच येतं.

आजी : काय येतं?

मादाम : मला म्हणायला लावू नका.

आजी : म्हणा. इथवर गाडीनं आलात ते काय अभ्रे बघायला?

मादाम : ती त्यांची मुलगी असेल तर... आंसेल्मची ती बहीण झाली.

आजी : बहीण? हा हा हा!

मादाम : तुम्ही हसताय? तुम्हाला हसू येतंय?

आजी : हसू नको तर काय करू! माझी सेराफिन! तिच्यासाठी बग्ग्या रस्ता अडवून उभ्या राहायच्या. ऑपेराच्या मागच्या दाराशी ज्या काळ्या कोटांची रांग लागायची त्यात सरदार होते, बँकांचे मालक होते. एकाच्या छडीला हस्तिदंती मूठ होती, एवढी, बोकडाच्या डोक्याची. त्या सगळ्यांना ओलांडून ती शार्त्रच्या गोळ्या वळणाऱ्याच्या गळ्यात पडली म्हणता? तुमचा नवरा दिसायला कसा होता हो तेव्हा?

मादाम : आत्ता आहेत तसेच.

आजी : मग झालं तर.

मादाम : झालं नाही. मुलीचा बाप कोण?

आजी : चांगल्या घरातला होता.

मादाम : नाव?

आजी : मोठं नाव होतं.

मादाम : मोठं असो, लहान असो, सांगा. जर्मेनला तुम्ही सांगितलंय, कुणी व्हायकाउंट, बडा सरदार. तिनं आंसेल्मला सांगितलंय. नाव विचारलं की तुम्ही म्हणे सूप ढवळायला जाता.

आजी : सूप लागतं बुडाला.

मादाम : मादाम पोतेल, मी इथून नाव घेऊन जाईन, नाहीतर लग्न मोडून जाईन. आणि का मोडलं ते मी कुणाला सांगणार नाही. आंसेल्म मला शिव्या देईल, देऊ दे. ती पोर रडेल, रडू दे. उद्या त्यांना मूल होण्यापेक्षा ते परवडलं.

आजी : थांबा, कुणीतरी दोरी मागतंय. कोण ते? मस्यो ब्रिकार! पायपुसणं तिथं शोभेला ठेवलेलं नाही! अख्ख्या रस्त्याचा चिखल वर नेऊ नका! ...हं. काय म्हणत होता तुम्ही?

जर्मेन : मादाम म्हणत होत्या की लग्न मोडतील.

आजी : तू कधी आलीस?

जर्मेन : मस्यो ब्रिकारच्या मागून. पण त्याच्या आधी खिडकीशी उभी होते. ही काच कधी नीट लागते का?

आजी : दूध कुठंय?

जर्मेन : आजी, खरं आहे का हे?

आजी : दूध आणायला पाठवलं होतं तुला.

जर्मेन : आजी. मी आणि आंसेल्म... खरं आहे का? हो की नाही?

आजी : बूट काढ.

जर्मेन : काय?

आजी : बूट काढ. दोन्ही नको, उजवा काढ. मोजा पण.

जर्मेन : मी विचारतेय काय, आणि तू...

आजी : मादामसमोर पाय दाखवायची लाज वाटते? लहानपणापासून घागऱ्याखाली लपवतेस ते. काढ. आता मादाम, या. ती तुमची विषाच्या कप्प्यातली सपात हिच्या पायात घाला.

मादाम : मी?

आजी : मग कोण? मी घातली तर म्हणाल, म्हातारीनं हातचलाखी केली. टेका गुडघे. चटई झाडलेली आहे.

मादाम : आई गं... हं. पाय पुढं कर, मुली. जरा सैल सोड.

जर्मेन : सैलच आहे, मादाम.

मादाम : बोटं जाताहेत. पुढं जात नाही.

आजी : जोर लावा.

मादाम : लावतेय! टाच तर केवढी बाहेर राहिलीय. फाटेल हो ही.

आजी : फाटू दे. बघितलंत? हे पाऊल माझ्या लेकीचं आहे. असंच रुंद, असाच अंगठा बाजूला पळालेला. आम्ही पोतेल बायका पिढ्यान्‌पिढ्या नदीत उभ्या राहून कपडे धुणाऱ्या. आमचे पाय बदकासारखे. तसल्या पायांवर ती अंगठ्याच्या टोकावर उभी राहायची, म्हणून तर लोक बघायला यायचे! चिमणीच्या पायांवर कुणीही उभं राहील.

मादाम : पण हिच्यात तिचं नाव आहे.

आजी : ते मी लिहिलंय.

जर्मेन : तू?

आजी : मला आणखी काय लिहिता येतं? एवढंच शिकले होते, सेराफिनकडूनच. ती अचूक लिहायची. काना मी गाळते.

मादाम : म्हणजे ही सपात तिची नव्हे?

आजी : छे. कुठल्यातरी उंदराची असेल.

मादाम : उंदराची!

आजी : दचकू नका, इथं उंदीर नाहीत. ऑपेरात नाच शिकणाऱ्या पोरींना उंदीर म्हणतात, अकरा-बारा वर्षांच्या, सारखं काहीतरी कुरतडत असतात म्हणून. त्यांच्या फाटक्या सपाती मी गोळा करायची, टोकाला रफू करायची, आत नाव घालायची आणि मागच्या दाराशी उभी राहायची. पहिल्यांदा मी सेराफिनची खरी सपात नेली होती. एका विद्यार्थ्यानं हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाला, "बाई, ही हमालाची आहे." सगळे हसले. दुसऱ्या दिवसापासून मी उंदरांच्या नेल्या. सगळ्यांचे डोळे भरून यायचे. एकानं तर तिथंच ओठांना लावली. त्यांना त्या चित्रातलं पाऊल हवं होतं, मी दिलं. माझं काय जात होतं?

मादाम : तुम्ही लोकांना फसवलंत!

आजी : मी? त्यांनी तिला रोज रात्री बघितलं, दुर्बिणी लावून बघितलं, आणि तिचे पाय केवढे आहेत ते एकाला दिसलं नाही. ह्यात माझा काय दोष?

जर्मेन : मग माझी सपात?

आजी : तुझी काय?

जर्मेन : माझी पण एवढीच आहे. तिच्यातही काना नाही.

आजी : ती खपायची राहून गेली होती. मी एकेकच विकायची, ही मागं राहिली.

जर्मेन : आजी!

आजी : तुला रात्री रडायची सवय होती. हातात दिली की गप्प व्हायचीस. तू कधी पायात घालून नाही बघितलीस?

जर्मेन : ती घालायची नव्हती. आईची होती ती.

आजी : तुझ्या आईच्या खऱ्या सपातींची एका रात्रीत चिंधी व्हायची. घाम, रक्त, घसरू नये म्हणून तळव्याला लावलेली राळ. त्या मी चुलीत घालायची. राळेमुळं झकास पेटायच्या. त्यावर तुझं दूध तापायचं.

मादाम : हे सगळं ठीक आहे. पण यानं काय सिद्ध झालं? सपात तिची नाही, एवढंच. माझे यजमान तिला भेटले नाहीत, हे कुठं सिद्ध झालं?

आजी : देवा, तुम्ही औषधं मोजताना पण एवढाच वेळ लावता का? ऐका. तुमच्या नवऱ्यानं ही सपात विषाच्या कप्प्यात, गळ्यातल्या किल्लीखाली, एवढी वर्षं जपली. कुणाची म्हणून जपली?

मादाम : सेराफिनची म्हणून.

आजी : ज्या माणसानं तिचं पाऊल आयुष्यात एकदा जरी उघडं बघितलं असतं, त्यानं ही तिची म्हणून जपली असती?

मादाम : नसती जपली.

आजी : पहिल्याच दिवशी माझ्या अंगावर फेकली असती आणि नुकसानभरपाई मागितली असती. तुमचा नवरा ना? बटाटे दाबून बघणारा? त्यानं तिला वरच्या माळ्यावरून बघितलं, खांबाआडून. ती त्याला अंगठ्याएवढी दिसली. मग दाराशी येऊन माझ्याकडून अंगठ्याएवढी सपात घेतली. त्यापलीकडं त्या बापड्याच्या नशिबात काही नव्हतं. तिकडं ती त्याच्या शेजारून घरी गेली असेल, लाकडी बूट आणि शाल घालून, आणि त्यानं तिला वाट दिली असेल.

जर्मेन : मग माझे वडील?

आजी : तू मोजा घाल. थंडी वाजेल.

जर्मेन : वाजू दे. मादामना नाव हवंय. मलाही हवंय.

आजी : व्हायकाउंट होता म्हणून सांगितलंय ना तुला.

जर्मेन : तसं सांगितलंस. मघाशी तू सगळ्यांना चित्रातलं पाऊल दिल्याचंही सांगितलंस.

आजी : फार बोलायला शिकलीस. कुणावर गेलीस कोण जाणे.

जर्मेन : तेच विचारतेय.

आजी : इसिदोरवर! झालं समाधान? इसिदोर नाव त्याचं. आडनाव फूर्नेल. रंगमंचाच्या कडेला गॅसचे दिवे कमी-जास्त करायचा. दिवेवाला! बग्गीत बसलेले सरदार सोडून दिवेवाला! अंगाला गॅसचा वास, मिश्या जळालेल्या, आणि बोलायला लागला की अर्धं वाक्य तोंडातच. नाच संपला की ती पडद्यामागं वाळूच्या बादलीवर बसायची आणि तो तिचे पाय मांडीवर घेऊन ब्रँडीनं चोळायचा. माझ्या ब्रँडीनं! मी सगळं बघत होते. लग्न करतो म्हणाला. मी जिन्यावरून खाली घालवला त्याला.

जर्मेन : का?

आजी : का म्हणजे? माझी लेक आणि दिवेवाला? आज आला तरी घालवीन.

जर्मेन : कुठं आहेत ते?

आजी : लढाईत शहराला वेढा पडला त्या हिवाळ्यात गेला, तटावर लढताना. सेराफिन त्याच्या आधीच गेली होती, छातीच्या दुखण्यानं. त्याला तुझ्याकडं यायचं होतं. एकदा दाराशी आला होता, एक सफरचंद घेऊन. तेव्हा अख्ख्या शहरात सफरचंद नव्हतं. तू खाल्लंस ते, आणि बिया पण.

जर्मेन : तू त्यांना आत घेतलंस?

आजी : सफरचंद घेतलं.

मादाम : मी यावर विश्वास का ठेवावा? तुम्ही मघाशी स्वतःच सांगितलंत की तुम्ही...

आजी : थापा मारते. मारते की! पण मादाम, मला थाप मारायची असती तर दिवेवाला सांगितला असता? अख्ख्या गल्लीला, शेजारच्या पाववालीला, वर राहणाऱ्या त्या नाक उडवणाऱ्या जज्जाच्या बायकोला मी वीस वर्षं व्हायकाउंट सांगत आलेय. तुम्हालाही तोच दिला असता, मुगुटासकट. कुठली आई आपल्या लेकीला खोट्यानं खाली उतरवते हो?

मादाम : कुठलीच नाही.

आजी : जज्जाच्या बायकोला यातलं काही कळलं ना, तर याद राखा.

मादाम : मला जरा पाणी द्या.

जर्मेन : घ्या, मादाम. सावकाश.

मादाम : महिनाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. एका टेबलावर जेवते आणि बोलत नाही. रात्री भिंतीकडं तोंड करून झोपते. एका मेलेल्या बाईला मनात काय काय म्हटलंय मी... तुम्हाला सांगता येणार नाही.

आजी : तिला चालतं. जिवंतपणी पण ऐकलंय तिनं. नवऱ्याच्या लक्षात आलं का, तुम्ही बोलत नाही ते?

मादाम : नाही.

आजी : वाटलंच.

मादाम : ते म्हणाले, घर हल्ली शांत वाटतं. तब्येतीला चांगलं आहे.

आजी : मेला! असल्या माणसासाठी तुम्ही बोटं मोजत बसलात!

मादाम : त्यांना काही बोलायचं नाही, मादाम पोतेल. माझे यजमान आहेत ते.

आजी : असू देत. मला नकोत.

जर्मेन : मादाम, ही सपात मी पेटीतून काढते. तुमचंच म्हणणं खरं झालं. चादरींत नको ती.

मादाम : थांब.

जर्मेन : आईची नाहीच आहे आता. कुणा भलत्याच मुलीची आहे. त्या मुलीचं नावही कुणाला माहीत नाही.

मादाम : अक्षर कुणाचं आहे?

जर्मेन : आजीचं.

मादाम : मग ठेव ती. आजीचं अक्षर म्हणून ठेव. आणखी कुठं मिळणार आहे तुला ते?

आजी : काय म्हणालात?

मादाम : काही नाही.

आजी : नाही, मला ऐकू कमी येतं, पुन्हा म्हणा.

मादाम : एकदाच म्हणणार होते. जर्मेन, बूट घाल, आणि आंसेल्मला सांग की शनिवारी मोजे एकाच रंगाचे घालून ये. आणि हे बघ, ते घट्ट बूट वापरू नकोस. अंगठा आणखी पळेल. आमच्या गावी एक मोची आहे, तो रुंद पायाचे चांगले करतो. माझेही त्याच्याकडूनच असतात.

जर्मेन : तुमचेही?

मादाम : घागऱ्याखाली कुणाला दिसतंय.

आजी : बरं, आता तुमची ती विषारी सपात द्या इकडं. चूल पेटलेलीच आहे.

मादाम : नको.

आजी : नको? रुमालात काय गुंडाळताय तिला? खोटी आहे ती. उंदराची. मी रफू केलेली. आत्ता तुमच्या डोळ्यांदेखत ठरलं ना?

मादाम : दोरी ओढा, मादाम पोतेल. माझी गाडी चुकेल.

आजी : ओढते. पण तिचं करणार काय, ते तर सांगा.

मादाम : होती तिथं परत ठेवीन.

आजी : खोटी आहे हे माहीत असून?

मादाम : मला माहीत आहे. त्यांना नाही.